चित्रफितीतील ठेवा संगणकात आणताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळाने मला विषय नेमून दिला आहे. संस्थेच्या कार्यक्रमांचे जुने व्हिडिओ चित्रण एकत्र करून त्यातून पन्नास वर्षांचा माहितीपट तयार व्हावा, अशी अनेकांची इच्छा आहे. परंतु घरोघरी पडून असलेल्या कॅसेट, छोट्या डिस्क आणि कॅमेऱ्याच्या कार्डांतील फाइल संगणकावरील संपादनाचे सॉफ्टवेअर सहजासहजी स्वीकारत नाही. कधी चित्र येते पण आवाज येत नाही, कधी फाइल उघडतच नाही. यावर उपाय काय, हे तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही समजेल अशा भाषेत सांगावे, अशी मला आज्ञा झाली आहे.

विषय यंत्राचा असला तरी त्यामागील प्रश्न यंत्राचा नाही. जी माणसे आज आपल्यात नाहीत त्यांचे चालणे, बोलणे, हसणे या फितींवर आहे. माहितीपट हे एक निमित्त आहे. त्या निमित्ताने मूळ चित्रण सुरक्षित झाले, तर सुवर्णमहोत्सवाचे खरे सार्थक होईल. आज मी जे सांगणार आहे, त्याचे सार एवढेच, की रूपांतर करताना मूळ प्रत, कामाची प्रत आणि पाहण्याची प्रत या तिघींत गल्लत होऊ देऊ नये.

कपाटात काय काय आहे?

भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आली आणि त्याच सुमारास व्हीसीआरही मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांतील बहुतेक चित्रण व्हीएचएस या मोठ्या कॅसेटवर आहे. ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणली. पुढे १९८५ मध्ये व्हिडिओ-८ आणि १९८९ मध्ये हाय-८ या लहान कॅसेट आल्या. या सर्व ॲनालॉग, म्हणजे त्यांत चित्र आकड्यांच्या स्वरूपात नसून चुंबकीय लहरींच्या स्वरूपात असते.

१९९५ मध्ये मिनी-डीव्ही आली आणि चित्रण आकड्यांत नोंदले जाऊ लागले. १९९९ मध्ये सोनीने डिजिटल-८ आणून ८ मिलिमीटरच्या कॅसेटवरच डिजिटल चित्रण शक्य केले. २००३ च्या एचडीव्हीने मिनी-डीव्हीच्याच आकाराच्या कॅसेटवर अधिक स्पष्ट चित्र दिले. याच सुमारास ८ सेंटिमीटरच्या लहान डीव्हीडीवर, मग कॅमेऱ्यातीलच हार्ड डिस्कवर आणि २००६ मध्ये सोनी व पॅनासॉनिक यांनी मिळून आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीने मेमरी कार्डावर चित्रण होऊ लागले. आता तर सारा कारभार मोबाइलवर आहे.

कॅसेटच्या पाठीवर काय लिहिले आहे एवढे नीट वाचले, तरी पुढचा मार्ग निम्मा ठरतो; कारण प्रत्येक प्रकाराची वाट निराळी आहे.

सॉफ्टवेअर नाही का म्हणते?

व्हिडिओ फाइल म्हणजे डबा आणि डब्यातील पदार्थ असे समजावे. नावाच्या शेवटी एव्हीआय, एमओव्ही, एमपी-फोर, एमटीएस अशी जी अक्षरे असतात, ती डब्यावरची चिठ्ठी. आत चित्र कोणत्या रीतीने भरले आहे, याला कोडेक म्हणतात. एकाच एव्हीआय डब्यात मिनी-डीव्हीचे चित्रण असू शकते किंवा अगदी वेगळ्या रीतीने दाबून भरलेले चित्रणही असू शकते. त्यामुळे फाइलचे नाव बदलून काम होत नाही. चिठ्ठी बदलल्याने तांदळाचे गहू होत नाहीत. आत नेमके काय आहे, हे दाखवणारे मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. रूपांतराला हात घालण्यापूर्वी फाइल त्यात उघडून पाहावी.

आता कोडेकमधील महत्त्वाचा भेद आपल्या परिचयाच्या भाषेत सांगतो. समजा, एका दुकानदाराने रोजमेळात प्रत्येक ओळीनंतर पूर्ण शिल्लक मांडली आहे. वही जाडजूड होईल, पण कोणतीही ओळ पाहिली की शिल्लक तत्काळ कळेल. दुसऱ्याने शिल्लक पानाच्या आरंभी एकदाच लिहिली आणि पुढे फक्त आवक-जावक नोंदली. वही बारीक राहील, पण मधल्या एखाद्या ओळीची शिल्लक हवी असेल, तर आरंभापासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागेल.

मिनी-डीव्ही पहिल्या दुकानदारासारखी आहे. तिच्यात प्रत्येक चौकट स्वतंत्र आणि पूर्ण असते. एचडीव्ही, डीव्हीडी, एव्हीसीएचडी आणि मोबाइल हे बहुतांशी दुसऱ्यासारखे आहेत. त्यांत पूर्ण चित्र अधूनमधून येते आणि मधल्या चौकटींत केवळ झालेले बदल लिहिलेले असतात. कधी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींचा आधार घ्यावा लागतो. नुसते पाहण्यासाठी ही काटकसर उत्तम आहे. संपादनात मात्र मधूनच कापायचे, जोडायचे, मागेपुढे जायचे असते. प्रत्येक वेळी सारा हिशेब नव्याने मांडताना संगणक अडखळतो. शिवाय एव्हीसीएचडीमधील आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल पद्धतीचा असतो. काही सॉफ्टवेअर तो ओळखत नाहीत, म्हणून चित्र दिसते आणि आवाज मुका राहतो.

कॅसेट उतरवून घेताना

मिनी-डीव्ही आणि डिजिटल-८ या कॅसेटवर चित्रण मुळातच आकड्यांत आहे. म्हणून ते फायरवायर या केबलने संगणकात घ्यावे. त्यात रूपांतर होतच नाही. फितीवरील आकडे जसेच्या तसे उतरतात. तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागते. बरोबरीने चित्रणाची तारीख आणि वेळही येते, आणि कार्यक्रम कोणत्या वर्षीचा यावर वाद झाला, तर हाच पुरावा ठरतो. त्याऐवजी पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची साधी केबल वापरली, तर आकड्यांच्या पुन्हा लहरी होतात, लहरींचे पुन्हा आकडे होतात, चित्र विनाकारण मवाळ होते आणि तारीख-वेळेची नोंद गळून पडते. सोय म्हणून हा मार्ग सर्रास वापरला जातो. आपण तो टाळावा.

अडचण अशी, की नव्या संगणकांना फायरवायरचे छिद्रच नसते. विंडोजवरील मूव्ही मेकर हे कॅसेट उतरवून घेणारे मोफत सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये बंद केले, आणि ॲपलच्या २०२५ मधील मॅक ओएस टाहो आवृत्तीत फायरवायरचा आधार उरलेला नाही. म्हणून कोणाच्या घरी फायरवायर असलेला जुना, चालू संगणक असेल, तर तो भंगारात देऊ नये. आज त्याची किंमत भंगारवाल्याला नाही, आपल्याला आहे.

व्हीएचएसचे काम अधिक चिकाटीचे आहे. चांगला व्हीसीआर आणि त्याला संगणकाशी जोडणारे कॅप्चर उपकरण, दोन्ही लागतात. येथे घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच द्यावे लागतात. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि तेव्हापासून नवा व्हीसीआर बनलेला नाही. आज जे चालू आहेत, त्यांच्यावरच सारी भिस्त आहे. हाय-८ च्या कॅसेट असतील, तर डिजिटल-८ चे काही कॅमेरे त्या वाचतात आणि फायरवायरने संगणकात देतात, हा एक सोपा मार्ग आहे.

ॲनालॉग चित्रण उतरवून घेताना ते थेट छोट्या एमपी-फोर फाइलमध्ये घेऊ नये. अजिबात न दाबता घेतले, तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. एफएफव्ही-१ सारख्या, काहीही न गमावता घडी घालणाऱ्या पद्धतीत जागा बरीच कमी होते. तेही परवडत नसेल, तर निदान डीव्ही पद्धतीत घ्यावे. याउलट डीव्हीडी तासाला दोन ते चार जीबीत सारे बसवते. उरलेले जे गेले, ते कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

सातपाटीसारख्या समुद्रकाठच्या गावी आणखी एक सावधगिरी हवी. खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा फितींना मानवत नाही. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. यंत्राचे हेड खराब होऊन ती पुढच्या कॅसेटनाही लागते. अशा कॅसेट वेगळ्या ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात. चांगल्या कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्याव्यात. पुसले जाऊ नये म्हणून व्हीएचएसच्या पाठीवरील प्लास्टिकची चिमटी मोडावी, आणि मिनी-डीव्हीची छोटी खिट्टी सरकवून ठेवावी. वीज जाण्याचा संभव गृहीत धरून संगणक यूपीएसवर असावा.

डिस्क, कार्ड आणि मोबाइल

८ सेंटिमीटरची डीव्हीडी ज्या कॅमेऱ्यात भरली, त्यातच फायनलाइझ करावी लागते. न केलेली डिस्क संगणकाला बहुधा कोरी दिसते. कोरी समजून ती टाकून देऊ नये. लॅपटॉपच्या फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, अडकून बसते.

एव्हीसीएचडी कार्डावरून केवळ एमटीएस फाइल उचलण्याचा मोह होतो. तसे न करता कार्डावरील सर्व फोल्डर जशीच्या तशी उतरवावीत. दीर्घ चित्रणाचे कॅमेरा दोन किंवा चार जीबीचे तुकडे पाडतो, आणि ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती इतर फोल्डरमध्ये असते. ती गमावली, तर प्रवचनाच्या ऐन रंगात सांध्यावर आवाज तुटतो.

मोबाइलच्या चित्रणात चौकटींची गती क्षणाक्षणाला कमी-जास्त होते. त्यामुळे संपादनात ओठ आणि शब्द हळूहळू वेगळे पडू लागतात. अशी फाइल आधी स्थिर गतीत रूपांतरित करून मगच वापरावी. मोबाइलमधील चित्रण पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, अन्यथा ते वाटेत आकसते.

संपादनासाठी कामाची प्रत

मूळ प्रत हार्ड डिस्कवर आली, की तिला हात न लावता तिच्यावरून कामाची प्रत काढावी. मिनी-डीव्ही बहुतेक सॉफ्टवेअर आहे तशी स्वीकारतात. एव्हीसीएचडीसारखे चित्रण अडत असेल, तर ॲपलचे प्रोरेस किंवा एव्हिडचे डीएनएक्स-एचडी अशा मधल्या कोडेकमध्ये न्यावे. हेच आपले प्रत्येक ओळीत शिल्लक मांडणारे दुकानदार. कार्डावर सेकंदाला फार तर २४ ते २८ मेगाबिटमध्ये असलेले चित्रण येथे सुमारे १२० मेगाबिट घेते. तासाला ५० जीबीहून अधिक जागा लागते. फाइल फुगली म्हणून चित्र सुधारले असे मात्र नाही; संगणकाचे कष्ट तेवढे कमी झाले. आवाज साध्या पीसीएममध्ये करून घ्यावा. अलीकडचे सशक्त संगणक एव्हीसीएचडी थेट हाताळतात; तेथे हा खटाटोप अनावश्यक आहे.

या सर्वांसाठी एफएफएमपेग हे २००० सालापासून विकसित होत आलेले मोफत साधन जगभर वापरले जाते. त्याचा एक गुण विशेष सांगतो. आतला पदार्थ ठीक असून केवळ डबा नापसंत असेल, तर ते पदार्थाला न शिजवता दुसऱ्या डब्यात ठेवते. हे काम मिनिटांत होते आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही. म्हणून आधी डबा बदलून पाहावा. न जमल्यास रूपांतर करावे. हँडब्रेक हेही उत्तम मोफत सॉफ्टवेअर आहे, पण ते पाहण्याची प्रत करण्यासाठी. मूळ प्रतीसाठी नव्हे.

रूपांतरात तीन ठिकाणी घसरण होते. पहिली, अर्धचित्रांची. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात आणि जुन्या चित्रणात प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांनी विणलेली असते. संगणकाच्या पडद्यावर वरघोड्यातील फडकत्या ध्वजाच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात, त्या यामुळे. मूळ प्रतीत हे विणकाम तसेच राहू द्यावे. पाहण्याच्या प्रतीत ते काढावे. डीव्हीमध्ये खालचे अर्धचित्र आधी असते, एचडीव्हीत वरचे. सॉफ्टवेअरला उलट सांगितले, तर मिरवणूक चालण्याऐवजी थरथरते. दुसरी, प्रमाणाची. जुन्या चित्रणाचे ७२० गुणिले ५७६ बिंदू चौरस नसतात. ४:३ चे चित्र ओढून १६:९ केले, की सडपातळ आजोबाही स्थूल दिसतात. कडांना काळी पट्टी राहिली तरी चालेल, माणूस ओळखीचा राहिला पाहिजे. तिसरी, गतीची. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेले कॅमेरे बहुधा एनटीएससी पद्धतीचे असतात. त्यात सेकंदाला २५ ऐवजी सुमारे ३० चौकटी येतात. असे चित्रण वेगळे नोंदवून ठेवावे.

मूळ प्रतीचे मोल

कोणी विचारेल, माहितीपट तयार झाल्यावर एवढे कच्चे चित्रण कशाला सांभाळायचे? मुंबईत २००८ मध्ये पॅड डॉट एमए नावाचा एक सार्वजनिक चित्रसंग्रह सुरू झाला. मजलिस, पॉइंट ऑफ व्ह्यू, कॅम्प, बंगळुरूचा अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनमधील काही तंत्रज्ञ यांनी मिळून तो उभारला. त्याचे वैशिष्ट्य हे, की त्यात पूर्ण झालेल्या चित्रपटांऐवजी न कापलेले चित्रण ठेवण्यावर भर आहे आणि प्रत्येक तुकड्याला वेळेनुसार शब्दांत टिपणे जोडलेली आहेत. संपादक आपल्या विषयापुरते घेतो आणि बाकीचे सोडतो. पण वीस वर्षांनी पाहणाऱ्याला नेमके सोडलेलेच हवे असते: मागे दिसणारे जुने घर, पंगतीत वाढणाऱ्या स्त्रिया, कोपऱ्यातून डोकावणारे एखादे मूल.

आपल्या भागातील एक उदाहरण देतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये पाच वीर हुतात्मा झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते. आज त्यांची नावे आहेत, हुतात्मा स्तंभ आहे. त्यांचा आवाज मात्र आपण ऐकू शकत नाही. त्या काळी साधन नव्हते. आपल्याजवळ साधन होते, चित्रणही झाले. आता ते केवळ अनास्थेने गेले, तर पुढच्या पिढीला काय सांगणार?

युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगाला इशारा दिला होता. फिती टिकल्या तरी २०२५ च्या आसपास त्या वाचणारी यंत्रे आणि सुटे भाग दुर्मीळ होतील, असा त्याचा आशय होता. ती मुदत उलटून गेली आहे. एकच प्रत एकाच जागी ठेवण्याचे फळ काय असते, हे पुण्याने २००३ च्या जानेवारीत पाहिले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागून मौल्यवान चित्रपटांची रिळे भस्मसात झाली.

आपल्या समाजाला हा विचार नवा नाही. श्वेतांबर परंपरेनुसार देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले, ते स्मरणावरचा भार पेलेनासा झाला म्हणून. पुढे ताडपत्रावरून कागदावर प्रती झाल्या. प्रत जीर्ण होण्यापूर्वी नवी लिहून घेणे हे पुण्यकार्य मानले गेले. ज्ञानपंचमीला भांडारातील पोथ्या काढून, पुसून, तपासून ठेवण्याची प्रथा आहे. हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडू शकते. तिचीही वर्षातून एकदा, त्याच दिवशी, तपासणी व्हावी आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

काय करता येईल?

विश्वस्त मंडळापुढे काही सूचना विनयपूर्वक ठेवतो. प्रथम घरोघरी असलेल्या कॅसेट, डिस्क आणि कार्डांची यादी करावी. प्रत्येकीला क्रमांक द्यावा आणि मालकाचे नाव नोंदवावे, म्हणजे वस्तू सुखरूप परत जाईल. दुसरे, सर्वांत जीर्ण आणि ॲनालॉग चित्रण आधी घ्यावे, कार्डे नंतर. तिसरे, मूळ प्रत दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवून त्यातील एक पालघर किंवा बोईसर येथे, गावाबाहेर ठेवावी. तासाभराच्या १०० मिनी-डीव्ही कॅसेट १.३ टीबीत बसतात, म्हणजे दोन टीबीची एक डिस्क पुरे. चौथे, काम बाहेर दिले, तर पाहण्याच्या डीव्हीडीबरोबर मूळ फाइल मिळालीच पाहिजे, हे आधी लेखी ठरवावे. आणि साधू-साध्वींच्या चित्रणाबाबत, तसेच कोणाच्या खासगी प्रसंगाबाबत, संबंधितांची अनुज्ञा व मर्यादा पाळावी.

शेवटची सूचना मला सर्वांत निकडीची वाटते. चित्रण संगणकात आल्यावर ते गावातील ज्येष्ठांना दाखवावे आणि शेजारी एका तरुणाने वही घेऊन बसावे. ही कोण, हे कोणाचे वडील, हा प्रसंग कोणत्या सालचा, हे त्यांना विचारून मिनिटवार लिहून घ्यावे. फीत वाचणारे यंत्र कदाचित कोठूनतरी मिळेल. चेहरा ओळखणारा माणूस एकदा गेला, की पडद्यावरचे चित्र कितीही स्वच्छ असले तरी अनोळखी होते. हे काम करण्यास तंत्रज्ञ लागत नाही, ते उद्यापासून सुरू होऊ शकते.

 संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!